इलियट जॉस्लिन

इलियट प्रॉक्टर जॉस्लिन (६ जून १८६९ – २८ जानेवारी १९६२) हे अमेरिकन वैद्य, अध्यापक आणि ग्रंथकार होते. संपूर्ण व्यावसायिक आयुष्य मधुमेह या एकाच रोगाला वाहून घेणारे ते अमेरिकेतील पहिले डॉक्टर मानले जातात. बॉस्टन येथील जॉस्लिन क्लिनिक त्यांच्या नावाने ओळखले जाते. मधुमेहावरील इंग्रजी भाषेतील पहिले पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले, रुग्णाला स्वतःच्या रोगाचे शिक्षण देण्याची पद्धत रूढ केली आणि हजारो रुग्णांच्या तपशीलवार नोंदी आयुष्यभर ठेवल्या. रक्तातील साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर मधुमेहाचे दीर्घकालीन उपद्रव टाळता येतात, हे त्यांच्या शिकवणुकीचे मुख्य सूत्र होते. ते पुढे बहुतांशी खरे ठरले. मात्र मूत्रपिंडाच्या बाबतीत तेवढे पुरत नाही, काही कुटुंबांत या उपद्रवाचा धोका मुळातच अधिक असतो, असेही नंतरच्या संशोधनात आढळून आले. या संशोधनाचा महत्त्वाचा भाग जॉस्लिन यांनीच उभारलेल्या संस्थेत झाला.

बालपण आणि शिक्षण

जॉस्लिन यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या लहान गावी एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे वडील पादत्राणांचे कारखानदार होते. लेस्टर अकॅडमी या शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी १८९० मध्ये येल महाविद्यालयाची पदवी घेतली. त्यानंतर वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी येलमध्येच शरीरक्रियेशी संबंधित रसायनशास्त्राचा अभ्यास केला. हा विषय त्या काळी अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी शिकवला जात असे. मधुमेहाचे निदान लघवीतील साखरेच्या तपासणीवर अवलंबून असल्याने ही तयारी त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली. १८९५ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले.

मधुमेहाकडे ते कसे वळले, याचे उत्तर बरेचसे त्यांच्या घरातच सापडते. विद्यार्थिदशेतच त्यांच्या जवळच्या नात्यातील एका स्त्रीचा मधुमेहाने मृत्यू झाला होता. १८९३ मध्ये, वैद्यकीय शिक्षण चालू असताना, मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्यांनी एका अशक्त आयरिश स्थलांतरित तरुणीला तपासले आणि तिची माहिती एका वहीत लिहून ठेवली. त्यांच्या पुढील सर्व नोंदींची ही सुरुवात होय. याच काळात मधुमेहाच्या विकृतिशास्त्रावर लिहिलेल्या निबंधासाठी त्यांना हार्वर्डमध्ये पारितोषिक मिळाले.

पदवीनंतर ते युरोपात गेले. स्ट्रासबुर्ग त्या वेळी जर्मनीत होते आणि तेथील बर्नहार्ड नाउनिन हे मधुमेहावरील जगन्मान्य अधिकारी होते. रक्तात आम्लांचे प्रमाण वाढून येणारी बेशुद्धी हा नाउनिन यांचा खास अभ्यासविषय होता. मधुमेहाच्या मुळाशी वंशपरंपरेने आलेली प्रवणता असते, असेही ते मानत. शिस्तबद्ध आहाराचा आग्रह आणि रुग्णाच्या कुळाची चौकशी या दोन्ही गोष्टी जॉस्लिन यांच्या कामात पुढे दिसतात. त्यांतील पहिलीवर त्यांचा भर कायमच अधिक राहिला.

नोंदवह्या

१८९८ मध्ये जॉस्लिन यांनी बॉस्टनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १९०० च्या सुमारास त्यांच्या आईलाच मधुमेह असल्याचे निदान झाले. मुलाने तिचे नाव इतर रुग्णांप्रमाणेच वहीत घातले. तिचा क्रमांक आठवा होता. आहार, हालचाल आणि नियमित तपासणी या बळावर ती त्या काळाच्या मानाने बरीच वर्षे जगली. जॉस्लिन यांच्या शिस्तीच्या आग्रहामागे हा घरचा अनुभव होता, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरून चालत नाही.

या नोंदवह्यांत रुग्णाचे नाव, वय, वजन, रोग सुरू झाल्याची तारीख, लघवीतील साखर, आहार, नात्यात कोणाला मधुमेह आहे काय, आणि शेवटी मृत्यूची तारीख व कारण लिहिले जाई. रुग्ण दुसऱ्या गावी गेला तरी पत्राने त्याची विचारपूस होत असे. त्या काळी बहुतेक डॉक्टर रुग्णाची नोंद तो दवाखान्यात येत असेपर्यंतच ठेवत. जॉस्लिन ती मरेपर्यंत ठेवत. आयुर्विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी या नोंदींवरून मधुमेही माणसाच्या आयुर्मानाचे तक्ते तयार केले. एखाद्या दीर्घकालीन रोगाचा असा हिशेब मांडण्याचे हे आरंभीचे प्रयत्न होते.

१९२१ मध्ये मधुमेहाच्या प्रतिबंधावर लिहिलेल्या लेखात त्यांनी न्यू इंग्लंडमधील एका शांत गावातील रस्त्याचे उदाहरण दिले. या रस्त्यावर एकमेकांना लागून तीन प्रशस्त घरे होती. त्यांत वेगवेगळ्या वेळी राहायला आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी एक वगळता सर्वांना पुढे मधुमेहाने मृत्यू आला. हाच आजार विषमज्वर असता तर सरकारी आरोग्यखाते तातडीने धावून आले असते. मधुमेह असल्यामुळे कोणी लक्षही दिले नाही, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. शेजाऱ्यांचे आपसात रक्ताचे नाते नव्हते. जॉस्लिन यांनी या उदाहरणातून स्थूलता आणि खाण्यापिण्याची सुबत्ता यांकडे बोट दाखवले. ज्यू समाजात मधुमेह अधिक आढळतो, म्हणून जर्मनीत तो त्या वंशाचाच रोग समजला जाई. तेथेही वंशापेक्षा वजन हे खरे कारण असावे, अशी त्यांची भूमिका होती.

उपाशी ठेवण्याचा काळ

इन्शुलिन उपलब्ध होण्यापूर्वी लहान वयात मधुमेह झालेले मूल सहसा एक-दोन वर्षांत दगावत असे. जॉस्लिन यांनी १९०८ पासून बॉस्टनमधील कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्यासह मधुमेही रुग्णांच्या चयापचयाची मोजमापे केली. या अभ्यासावर आधारित प्रबंध १९१० आणि १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास फ्रेडरिक ॲलन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून अत्यल्प आहाराची उपचारपद्धती मांडली. साखर लघवीतून नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि नंतर अगदी मोजके अन्न हळूहळू वाढवायचे, असे तिचे स्वरूप होते.

जॉस्लिन यांनी ही पद्धत स्वीकारली आणि तिच्या साहाय्याने रुग्णांचे आयुष्य लांबवले. तिची किंमत त्यांना ठाऊक होती. मुले हाडांचा सापळा होऊन जगत, आणि त्यातील अनेकांना अखेर मधुमेहाऐवजी उपासमार नेत असे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द ट्रीटमेंट ऑफ डायबेटिस मेलिटस’ हा त्यांचा ग्रंथ याच काळातील एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला आहे. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर व रुग्ण दोघांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. सामान्य माणसाच्या हाती स्वतःच्या रोगाचे पुस्तक देणे ही त्या वेळी नवी गोष्ट होती. दोन्ही पुस्तकांच्या आवृत्त्या त्यांच्या हयातीत वारंवार निघाल्या.

इन्शुलिन

डिसेंबर १९२१ मध्ये न्यू हेवन येथील एका वैज्ञानिक परिषदेत टोरांटोच्या फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या अर्काविषयी पहिला अहवाल वाचला. श्रोत्यांत जॉस्लिन होते. औषधाच्या चाचण्यांसाठी ज्या थोड्या अमेरिकन डॉक्टरांची निवड झाली, त्यांतही ते होते. ७ ऑगस्ट १९२२ रोजी बॉस्टनमध्ये त्यांच्या रुग्ण एलिझाबेथ मज यांना न्यू इंग्लंड प्रदेशातील इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. व्यवसायाने परिचारिका असलेल्या मज यांना पाच वर्षांपासून मधुमेह होता. वजन सुमारे ७० पौंडांवर आले होते आणि कित्येक महिन्यांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. काही आठवड्यांतच त्या पुन्हा हिंडूफिरू लागल्या.

त्या वर्षअखेरपर्यंत मरणाच्या दारातून परतलेले इतके रुग्ण जॉस्लिन यांनी पाहिले, की त्यांना बायबलमधील यहेज्केलच्या दृष्टान्ताची, म्हणजे सुक्या हाडांना पुन्हा मांस चढून माणसे उभी राहिल्याच्या कथेची आठवण झाली. इन्शुलिनपूर्व काळातील त्यांच्या मृत रुग्णांपैकी साठ टक्क्यांहून अधिक बेशुद्धीत गेले होते. नंतरच्या दशकांत हे प्रमाण अगदी अल्प झाले. नोंदवहीतील मृत्यूच्या कारणांचा रकाना मात्र रिकामा राहिला नाही. बेशुद्धीच्या जागी हृदयविकार, पायाचे कोथ आणि मूत्रपिंडाचा विकार अशी कारणे येऊ लागली. इन्शुलिनने रोग बरा केला नव्हता, त्याला वय मिळवून दिले होते.

रुग्णशिक्षण आणि शिस्त

जॉस्लिन यांच्या दृष्टीने मधुमेह्याला डॉक्टरइतकेच ज्ञान असणे आवश्यक होते, कारण रोज तीन वेळा निर्णय घेणारा तोच. न्यू इंग्लंड डीकनेस रुग्णालयात रुग्णांचे वर्ग भरत. तेथे अन्न मोजणे, लघवी तपासणे, इंजेक्शन घेणे आणि पाय धुऊन पुसून निरखणे हे सारे शिकवले जाई. प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन राहत आणि सबंध कुटुंबाला तयार करत. आज मधुमेह-शिक्षक म्हणून जो स्वतंत्र व्यवसाय ओळखला जातो, त्याचा उगम या परिचारिकांमध्ये शोधता येतो. १९३४ मध्ये याच रुग्णालयात जॉर्ज बेकर क्लिनिक सुरू झाले. मधुमेही मुलांसाठी ऑक्सफर्डच्या परिसरात उन्हाळी शिबिरे भरू लागली. १९४८ मध्ये सुरू झालेल्या मुलग्यांच्या शिबिराला जॉस्लिन यांचे नाव देण्यात आले.

आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे एका रथाचे तीन घोडे असून सारथ्य रुग्णाने करायचे, अशी उपमा ते देत. स्वतः ते कृश, पहाटे उठणारे, वेळेचे काटेकोर आणि धर्मनिष्ठ होते. रुग्णाकडूनही त्यांची तीच अपेक्षा असे. १९३४ मधील एका लेखात त्यांनी पायाचे कोथ हे आकाशातून कोसळणारे संकट नसून जमिनीवर माणसाच्या हातून घडणारी गोष्ट आहे, असे प्रतिपादन केले. पायांच्या बाबतीत हे म्हणणे योग्य होते, आणि त्यामुळे असंख्य पाय वाचले. परंतु हाच न्याय प्रत्येक उपद्रवाला लावला की आजारी पडलेला माणूस आपोआप दोषी ठरतो. जॉस्लिन यांना लिहिलेल्या पत्रांत रुग्ण आपल्या आहारातील चुकांची कबुली देत, जणू ते वैद्याशी नव्हे तर धर्मगुरूशी बोलत असावेत. त्यांच्या पद्धतीवर पुढे झालेल्या टीकेचा रोख मुख्यतः या नैतिक सुरावर आहे.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉलस्टॉय यांनी याला उघड आव्हान दिले. रुग्णाला बरे वाटत असेल, वजन टिकून असेल आणि आम्लता नसेल, तर लघवीतील साखरेची चिंता करू नये. त्याला इतरांसारखे जेवू द्यावे, असे त्यांचे मत होते. उपद्रव व साखर यांचा संबंध सिद्ध करणारा पुरावा त्या काळी कोणाकडेच नव्हता. जॉस्लिन आपल्या मतावरून हलले नाहीत.

आनुवंशिकतेचा विचार

१९२४ मध्ये प्रिसिला व्हाइट जॉस्लिन यांच्या सहकारी झाल्या. मुलांचा मधुमेह आणि मधुमेही स्त्रियांचे गरोदरपण हे त्यांचे क्षेत्र होते. ग्रेगरी पिंकस या जीवशास्त्रज्ञासह त्यांनी १९३३ पासून मधुमेहाच्या आनुवंशिकतेवर लेख प्रसिद्ध केले. हेच पिंकस पुढे गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनामुळे जगप्रसिद्ध झाले. या लेखांपैकी पहिल्यात ६७५ कुटुंबांच्या इतिहासाचे विश्लेषण होते. वहीतील “नात्यात कोणाला मधुमेह आहे काय” या साध्या प्रश्नाचे मोल या वेळी प्रथम दिसून आले. मधुमेह हा मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी गुणधर्म म्हणून पुढील पिढीत जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष टिकला नाही. तो मांडला गेला तेव्हा मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार स्पष्टपणे वेगळे ओळखले गेले नव्हते, आणि एकाऐवजी अनेक जनुके परिस्थितीसह काम करतात ही समजूत रुळायला बराच काळ जावा लागला. प्रश्न मात्र योग्य होता. व्यवहारात त्याचा भार रुग्णांवर पडे, कारण लग्न करावे की नाही, मुले होऊ द्यावीत की नाही, हे विचारायला ते क्लिनिकमध्येच येत.

१९४० मध्ये जॉस्लिन यांनी ॲरिझोना राज्यात मधुमेहाची पाहणी केली. तेथे हा रोग विरळ असल्याचे आकडेवारीवरून मानले जाई. प्रत्यक्षात तो इतर राज्यांइतकाच असल्याचे त्यांना आढळले. तेथील मूळ अमेरिकन जमातींतही त्यांना मधुमेही रुग्ण मिळाले, पण वेगळे लक्ष द्यावे इतके त्यांचे प्रमाण त्यांना वाटले नाही. पाव शतकानंतर याच राज्यातील पिमा जमात जगातील सर्वाधिक मधुमेह असलेल्या समाजांपैकी एक म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४६–४७ मध्ये त्यांच्या जन्मगावी, ऑक्सफर्डमध्ये, सरकारी आरोग्य सेवेने बहुसंख्य रहिवाशांची तपासणी केली. तीत आधीपासून माहीत असलेल्या ४० मधुमेह्यांखेरीज आणखी ३० जण सापडले. न ओळखलेला मधुमेह किती मोठ्या प्रमाणात असतो, याचा तो पहिला ठोस अंदाज होता.

मूत्रपिंडाचा प्रश्न

१९३६ मध्ये पाउल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी बॉस्टनमध्येच, शवविच्छेदनात मिळालेल्या मूत्रपिंडांतील एका विशिष्ट विकृतीचे वर्णन केले. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म केशिकांचे गुच्छ असतात. काही मधुमेह्यांत या गुच्छांमध्ये काचेसारख्या दिसणाऱ्या गाठी तयार झालेल्या होत्या. अशा रुग्णांच्या लघवीतून प्रथिन जाते, अंगावर सूज येते, रक्तदाब वाढतो आणि काही वर्षांत मूत्रपिंड निकामी होते.

जॉस्लिन यांच्या क्लिनिकमध्ये या विकाराचे रुग्ण विसाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या संख्येने दिसू लागले. इन्शुलिनमुळे वाचलेली पहिली मुले तेव्हा तिशीत आली होती. बालपणी मधुमेह सुरू झालेल्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण मूत्रपिंड हेच असल्याचे व्हाइट यांच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. १९४९ मध्ये त्यांनी केलेल्या मधुमेही गरोदर स्त्रियांच्या वर्गीकरणातही मूत्रपिंडविकार असलेल्या स्त्रियांसाठी वेगळा वर्ग होता. हॉवर्ड रूट आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये १५५ रुग्णांत मज्जातंतू, दृष्टिपटल आणि मूत्रपिंड हे तिन्ही एकत्र बिघडल्याचे नोंदवले. त्याच वर्षी बॉस्टनमध्येच जुळ्या भावांमध्ये जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण झाले होते, पण मधुमेह्यांना त्याचा लाभ मिळायला अजून बराच अवकाश होता. निकामी मूत्रपिंडावर जॉस्लिन यांच्या हाती काहीही उपचार नव्हता.

काळजीपूर्वक वागणारे रुग्ण विकारमुक्त राहतात, हे दाखवण्यासाठी जॉस्लिन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक पदक सुरू केले. पंचवीस वर्षे मधुमेहासह काढूनही डोळे, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंड निर्दोष असलेल्या व्यक्तीला ते दिले जाई. पदकाने अनेकांना उमेद दिली, यात शंका नाही. शिस्तीने वागूनही ज्यांच्या लघवीत प्रथिन उतरले, त्यांना मात्र या पदकाने काहीच सांगितले नाही. आणि असे रुग्ण होते. तसेच साखरेकडे फारसे लक्ष न देता मूत्रपिंड शाबूत राहिलेलेही होते.

अखेरची वर्षे

जॉस्लिन हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात १९३७ पर्यंत क्लिनिकल प्राध्यापक होते. निवृत्तीनंतरही त्यांचे रुग्ण पाहणे थांबले नाही. त्यांचे पुत्र ॲलन हेही याच क्लिनिकमध्ये डॉक्टर झाले. १९५२ मध्ये या समूहाला अधिकृतपणे जॉस्लिन क्लिनिक हे नाव मिळाले आणि १९५६ मध्ये ते स्वतःच्या इमारतीत गेले. पाठ्यपुस्तकाची दहावी आवृत्ती १९५९ मध्ये निघाली, त्या वेळी ते नव्वदीत होते. २८ जानेवारी १९६२ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी झोपेत त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरचे संशोधन

टॉलस्टॉय यांच्याशी असलेल्या वादाचा निकाल १९९३ मध्ये लागला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर अनेक वर्षे चाललेल्या चाचणीत, साखरेच्या काटेकोर नियंत्रणामुळे डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे उपद्रव लक्षणीयरीत्या घटतात, हे सिद्ध झाले. लघवीतून उघडपणे प्रथिन जाण्याचा धोका या गटात ५४ टक्क्यांनी कमी झाला होता. जॉस्लिन यांचे सूत्र अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी मान्य झाले.

दरम्यान दुसरी बाजूही पुढे आली होती. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मूत्रपिंडविकाराचा धोका रोगाच्या दुसऱ्या दशकात सर्वाधिक असतो आणि पुढे घटत जातो. साखर हेच एकमेव कारण असते, तर तो वर्षांगणिक वाढत राहायला हवा होता. यावरून काही व्यक्ती मुळातच प्रवण असाव्यात, असा तर्क निघाला. १९८९ मध्ये मिनेसोटातील संशोधकांनी दोघेही मधुमेही असलेल्या भावंडांची तपासणी केली. एका भावंडाला मूत्रपिंडविकार असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण ८३ टक्के होते, आणि पहिले निरोगी असेल तर फक्त १७ टक्के. जॉस्लिन यांच्या संस्थेत झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आकडे सुमारे ७२ आणि २५ टक्के आले. ॲरिझोनातील पिमा कुटुंबांत, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही, १९९० मध्ये हेच चित्र दिसले होते. आईवडिलांपैकी कोणाच्याही लघवीत प्रथिन नसेल तर मधुमेही अपत्यांपैकी सुमारे १४ टक्के, एकाच्या असेल तर २३ टक्के आणि दोघांच्या असेल तर ४६ टक्के अपत्यांत ते आढळले. भावंडांचे खाणेपिणे, राहणीमान आणि रक्तदाबाची प्रवृत्तीही सारखी असते, त्यामुळे हा सारा फरक जनुकांच्याच खात्यावर टाकता येत नाही. तरी इतक्या मोठ्या फरकाचा उलगडा केवळ सवयींनी होत नाही.

जॉस्लिन यांच्या पदकाचा उपयोगही याच कामासाठी झाला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० पासून, पन्नास वर्षे इन्शुलिनवर काढलेल्यांना वेगळे पदक दिले जाऊ लागले. या पदकधारकांपैकी ३५१ जणांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील जवळपास ८७ टक्के मूत्रपिंडविकारापासून मुक्त होते आणि त्यांच्या चालू साखर-नियंत्रणाशी या मुक्ततेचा संबंध दिसला नाही. मूत्रपिंड निकामी झालेले बहुतेक रुग्ण पन्नास वर्षांपर्यंत जगत नसल्यामुळे हा आकडा सर्व मधुमेह्यांना लावता येत नाही, पण काही लोकांत संरक्षण देणारे घटक असावेत, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळाले.

प्रत्यक्ष जनुके शोधण्याचे काम कठीण ठरले. मूत्रपिंडविकार असलेल्या आणि नसलेल्या दीर्घकालीन मधुमेह्यांचे रक्तनमुने जमवून जॉस्लिन केंद्राने इतर संस्थांसह मोठा संग्रह उभारला. २००९ मध्ये त्यावरून सुचवल्या गेलेल्या काही जनुकांना नंतरच्या मोठ्या अभ्यासांत सर्वत्र दुजोरा मिळाला नाही. एकच जनुक सापडेल ही पिंकस व व्हाइट यांच्या काळातील आशा येथेही फोल ठरली. विकाराला अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम कारणीभूत असतात, असेच आता मानले जाते.

२०१९ मध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या सुमारे वीस हजार व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एक ठाम दुवा हाती आला. सीओएल४ए३ हे जनुक केशिकागुच्छांच्या गाळणीपटलातील कोलॅजेन या प्रथिनाचा एक घटक तयार करते. याच जनुकातील गंभीर दोषांमुळे अल्पोर्ट नावाचा आनुवंशिक मूत्रपिंडविकार होतो. त्यातील एक सामान्यपणे आढळणारा बदल मात्र मधुमेह्यांना संरक्षण देतो. हा बदल असलेल्यांचे गाळणीपटल, विकाराची कोणतीही चिन्हे दिसण्यापूर्वीच, इतरांपेक्षा पातळ असते. या संरक्षणाचा परिणाम किती होतो, हे रक्तातील साखरेच्या पातळीवर अवलंबून असल्याचेही त्याच अभ्यासात दिसून आले.